भाड्याची गाडी आणि तांबडी सुर्ल्याची वाट

गोवा म्हटले की डोळ्यांपुढे समुद्र उभा राहतो. परंतु पणजीकडे पाठ करून फोंड्याच्या दिशेने निघाले की तासाभरात निराळाच गोवा सुरू होतो. नारळीच्या रांगा मागे पडतात, काजूच्या टेकड्या येतात. उसगाव, धारबांदोडा ही खनिजाच्या वाहतुकीची गावे ओलांडून मोल्याला पोहोचावे, तो सह्याद्रीची भिंत समोर ठाकते. येथूनच अनमोडचा घाट चढून रस्ता बेळगावकडे जातो.

मोल्यापाशी सुरू होणाऱ्या अरण्याचे नाव वाचून आपल्या वाचकांना निश्चितच आनंद होईल. त्याचे नाव आहे भगवान महावीर अभयारण्य. १९६९ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याचा विस्तार सुमारे २४० चौरस किलोमीटर असून, त्यातील १०७ चौरस किलोमीटरचा गाभा १९७८ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. ज्या भूमीत सर्व प्राणिमात्रांना अभय आहे, तिला याहून उचित नाव कोणते असणार!

याच अरण्याच्या पोटात, मोल्याहून डावीकडे वळणाऱ्या वाटेवर, तांबडी सुर्ल्याचे कदंबकालीन महादेव मंदिर आहे. तेथे जायचे तर स्वतःचे वाहन सोयीचे पडते. म्हणून आपल्यातील अनेक कुटुंबे गोव्यात उतरल्यावर स्वतः चालवायची गाडी भाड्याने घेतात. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे, ही अशा गाडीची ओळख. गाडी ताब्यात देताना मालक चारी बाजूंनी फिरून पत्र्यावरचे ओरखडे दाखवतो आणि आपण मोबाईलवर त्यांची छायाचित्रे घेतो. पण हा सारा हिशेब बाहेरच्या पत्र्याचा असतो. बॉनेटखाली काय घडून गेले आहे, याची नोंद त्या कागदावर कोठेही नसते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघे या वाटेने निघालो होतो. अक्का, दाजी, मी आणि गाडी चालवायला भाचा. गाडी लहान व बरीच जुनी होती, पण चालत चांगली होती. मोल्याला चहासाठी थांबलो असता, समोर उभा असलेला एक मालवाहू टेम्पो मागे येता येता आमच्या गाडीच्या तोंडावर आदळला. गाडीत कोणी नव्हते. बंपर आत दबला आणि एका दिव्याची काच तडकली, एवढेच नुकसान वरवर दिसले. टेम्पोवाल्याने खाली उतरून हात जोडले. भाच्याने गाडी सुरू करून पाहिली. इंजिनाचा आवाज नेहमीसारखाच होता. आम्ही पुढे निघालो.

मंदिराकडची वाट अरुंद आहे. दोन्ही बाजूंना दाट झाडी आणि मधूनमधून वस्ती. तीन-चार किलोमीटरवर एक लहानसा चढ आला. तो चढण्यासाठी भाच्याने पेडल जरा खोल दाबले आणि चढ संपताच पाय उचलला. गाडीचा वेग मात्र उतरला नाही. इंजिनाचा आवाज वाढतच गेला.

“मामा, मी पाय काढलाय, तरी गाडी रेस घेतीय!”

समोर वळण होते आणि वळणापलीकडे शाळेतून परतणारी मुले रस्त्याच्या कडेने येत होती. दाजींची नोकरी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये गेलेली. त्यांनी आवाज न चढवता सांगितले, “क्लच दाब. न्यूट्रल कर. आता ब्रेक एकदाच दाब आणि दाबून धर. चावीला हात लावू नकोस.” क्लच दाबताच इंजिन किंचाळावे तसे ओरडू लागले, पण चाकांशी त्याचा संबंध तुटला होता. गाडी वळणाच्या अलीकडे कडेला येऊन थांबली. मग दाजी म्हणाले, “हं, आता चावी बंद कर.” त्यानंतर अरण्यात जी शांतता पसरली, तिच्यात अक्काच्या बांगड्यांचा आवाजही स्पष्ट ऐकू येत होता. तिचे हात थरथरत होते. मुले कुतूहलाने आमच्याकडे पाहत निघून गेली.

मोल्याहून मोटारसायकलीवर आलेल्या मेस्त्रीने बॉनेट उघडले आणि पाच मिनिटांत कारण दाखवले. अशा जुन्या गाडीत पेडलपासून इंजिनापर्यंत एक पोलादी तार गेलेली असते. पेडल दाबले की ती ओढली जाते आणि हवा आत सोडणारी झडप उघडते. पाय उचलला की स्प्रिंग ती झडप मिटवते. धडकेने एअर फिल्टरचा डबा मागे सरकला होता. पेडल थोडे दाबले तर काही अडत नव्हते, पण खोल दाबले की तार डब्याच्या कडेत अडकत होती आणि झडप उघडीच राहत होती. मग मेस्त्रीने बोटाने आणखी एक गोष्ट दाखवली. तो डबा ज्या पट्टीवर बसतो ती पट्टी पूर्वीच तुटलेली होती आणि बाइंडिंग वायरने बांधून ठेवलेली होती. ती वायर गंजून तांबडी झाली होती. किमान एक पावसाळा तरी तिने पाहिला असावा. म्हणजे ही गाडी यापूर्वीही तोंडावर आदळली होती.

गाडीच्या मालकाला फोन केला. माणूस उद्धट नव्हता. त्याने दुसरी गाडी देण्याचे लगेच मान्य केले. बोलता बोलता तो सहज म्हणाला, “मागच्या पार्टीनेही सांगितले होते, गाडी कधीकधी रेस धरते म्हणून. पण आम्ही चालवून पाहिली तेव्हा काही जाणवले नाही.”

हे वाक्य ऐकताच मला अमेरिकेतील एका घटनेची आठवण झाली. २८ ऑगस्ट २००९ रोजी कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळील सँटी येथे एका कुटुंबातील चौघांचा मोटार अपघातात मृत्यू झाला. स्वतःची गाडी दुरुस्तीला दिल्यामुळे विक्रेत्याने त्यांना तात्पुरती दुसरी गाडी दिली होती. तीत दुसऱ्याच मॉडेलची जाड रबरी मॅट टाकलेली होती आणि तिच्यात पेडल अडकले. चालक महामार्ग पोलिस दलातील अनुभवी अधिकारी होता, तरीही ती गाडी त्याला आवरता आली नाही. पुढे टोयोटा कंपनीने या मॅटच्या कारणावरून अमेरिकेत सुमारे ३८ लाख गाड्यांबाबत सुधारणेची मोहीम जाहीर केली. परंतु चौकशीतून बाहेर आलेली एक गोष्ट मनाला अधिक चटका लावते. काही दिवसांपूर्वी तीच गाडी नेलेल्या दुसऱ्या ग्राहकाचेही पेडल असेच अडकले होते. तो वाचला आणि गाडी परत करताना त्याने ते सांगितलेही होते. ते शब्द पुढच्या कुटुंबापर्यंत पोहोचले नाहीत.

म्हणून प्रवासाला निघणाऱ्या वाचकांसाठी दाजींचे सांगणे येथे क्रमाने देतो. धडक किरकोळ असली तरी लगेच पुढे निघू नये. प्रथम चालकाच्या पायाखालची मॅट पुढे सरकली आहे का ते पाहावे. मग गाडी न्यूट्रलमध्ये उभी ठेवून पेडल तीन-चार वेळा, एकदा तरी बरेच खोल, दाबून सोडावे. प्रत्येक वेळी इंजिनाचा आवाज तत्काळ खाली आला पाहिजे. तो रेंगाळला किंवा मुळातच चढा राहिला, तर तारेला अडथळा आला असेल किंवा हवेची एखादी नळी निसटली असेल. अशी गाडी मेस्त्रीला दाखविल्याशिवाय हलवू नये.

चालत्या गाडीत इंजिन अनावर झालेच, तर आधी इंजिन आणि चाके यांची फारकत करावी. साध्या गाडीत क्लच दाबून न्यूट्रल करावे, ऑटोमॅटिक गाडीत दांडा ‘एन’वर न्यावा. इंजिन ओरडले तरी ओरडू द्यावे. ब्रेक पुनःपुन्हा मारू नये. झडप उघडी असताना ब्रेकला मिळणारी हवेच्या पोकळीची मदत दोन-तीन दाबांतच संपते आणि पेडल दगडासारखे घट्ट होते. गाडी थांबल्यावरच चावी बंद करावी. धावत्या गाडीची चावी पूर्ण फिरवून काढली तर स्टिअरिंग जखडण्याचा धोका असतो. बटणाच्या गाडीत बटण काही सेकंद दाबून धरावे लागते. डिझेल गाडीत क्वचित इंजिन स्वतःचेच तेल ओढून पेट घेते व चावी बंद करूनही थांबत नाही. अशा वेळी गाडी उभी करून सर्वांनी दूर व्हावे.

ती गाडी तेथेच ठेवून आम्ही गावातील एका जीपने मंदिर गाठले. बाराव्या-तेराव्या शतकातील ही वास्तू काळ्या बेसाल्टची आहे. हा दगड येथला नव्हे, घाटावरून आणलेला, असे जाणकार सांगतात. मंडपात शिर नसलेला नंदी आहे, छतावर दगडात फुललेले कमळ आहे आणि एका खांबाच्या तळाशी घोड्याला पायाखाली घेणारा हत्ती कोरलेला आहे. शेजारून सुर्ला नदी वाहते. अक्का नदीच्या पायऱ्यांवर बराच वेळ बसून राहिली. उठताना ती एवढेच म्हणाली, “ती गाडी उद्या दुसऱ्या कोणाला देतील, त्याचं काय?”

पणजीला परतल्यावर दाजींनी मालकासमोर बसून एका कागदावर गाडीचा क्रमांक, तारीख, घडलेला प्रकार आणि मेस्त्रीने दाखविलेला दोष लिहिला. त्यावर मालकाची सही घेतली आणि एक प्रत गाडीच्या कागदपत्रांत ठेवायला लावली. पट्टी व केबल नवीन बसेपर्यंत गाडी कोणाला देणार नाही, असेही त्याने त्याच कागदावर लिहून दिले. या कामाला अर्धा तास लागला. प्रवासी धर्मशाळेतून निघताना खोली झाडून, पाण्याची घागर भरून ठेवीत, कारण रात्री कोण येणार हे त्यांना ठाऊक नसे. भाड्याची गाडीही अशीच हातोहात जाते. तिच्याविषयी आपल्याला कळलेली गोष्ट पुढच्या अनोळखी कुटुंबासाठी लिहून ठेवावी आणि मगच चावी परत करावी.