निळी फिल्म, हिरवा पडदा

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून दोन एक्स-रे कॅसेट निघाल्या. भंगारवाला दारात उभा होता. बाबा म्हणाले, "त्या नको देऊ."

कॅसेट म्हणजे गाण्याची नव्हे. पुस्तकासारखी उघडणारी चपटी पेटी, आत दोन्ही बाजूंना एकेक पांढरा पडदा आणि त्यांच्या मध्ये फिल्म. एक्स-रे थेट फिल्मवर फार थोडा उमटतो. तो पडद्यातल्या फॉस्फरवर पडतो, पडदा क्षणभर चमकतो आणि फिल्म काळी होते ती मुख्यतः त्या उजेडाने. बाबांनी धंतोलीत एक्स-रे टेक्निशियन म्हणून अख्खी नोकरी काढली, त्यातली अर्धी डार्करूमच्या लाल दिव्यात. (धंतोली म्हणजे नागपूरचा दवाखान्यांचा मोहल्ला. विदर्भातलं अर्धं दुखणं तिथल्या पार्किंगमध्ये जागा शोधत असतं.)

दोन कॅसेटपैकी एक जुनी, कॅल्शियम टंगस्टेटची. ती निळी चमकते. एडिसनने 1896 मध्ये शेकडो रसायनं तपासून निवडलेलं हेच रसायन पुढे जवळजवळ पाऊण शतक जगभरच्या दवाखान्यांत चाललं. दुसरी गॅडोलिनियम ऑक्सिसल्फाइडची, त्यात टर्बियम. ती हिरवी चमकते.

"हिरवी फास्ट असते," बाबा म्हणाले.

"किती फास्ट?"

"एमएएस अर्ध्यावर आणायचा, तेवढी."

एमएएस म्हणजे ट्यूबमधला करंट गुणिले वेळ, म्हणजेच पेशंटच्या अंगावर किती एक्स-रे सोडायचा त्याचा आकडा. पडदा जितका चांगला चमकेल तितका तो आकडा खाली येतो. त्या रात्री मी गणित करून पाहिलं. 50 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा एक एक्स-रे फोटॉन पडद्याने पकडला, तर कॅल्शियम टंगस्टेट त्यातली साधारण 5 टक्के ऊर्जा उजेडात बदलतं. म्हणजे निळ्या प्रकाशाचे 850 च्या आसपास फोटॉन. गॅडोलिनियमवाला 15 टक्क्यांच्या पुढे जातो, म्हणजे हिरवे 3300 तरी. हा झाला पकडलेल्या फोटॉनचा हिशेब. पण किती पकडले जातात आणि झालेला उजेड पडद्याच्या जाडीतून बाहेर किती येतो, हे दोन आकडे वेगळे. पडदा जाड केला तर जास्त एक्स-रे पकडला जातो, पण उजेड आतल्या आत पसरतो आणि हाडाची कड धूसर होते.

खरं मोजायचं तर आयनायझेशन चेंबर लागतो, कॅलिब्रेट केलेला फोटोडायोड लागतो. आपल्या गावात हे शास्त्र परकं नाही. अमरावती रोडवरच्या नागपूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात संजीव मोहरील, संजय ढोबळे यांनी वर्षानुवर्षं फॉस्फरवरच काम केलंय. माझ्याकडे मात्र फोन होता.

बाबांच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी रात्री नऊनंतर त्यांची एक्स-रे रूम वापरू दिली. दोन्ही पडदे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, वर तिरपा आरसा लावला, फोन बीमच्या बाहेर स्टँडवर बसवला. शटर चार सेकंद उघडं. दिवे बंद करून आम्ही शिशाच्या आडोशामागे गेलो. बाबांनी 70 केव्ही लावले आणि बटण दाबताना सवयीने म्हणाले, "श्वास रोखा." खोलीत पेशंट नव्हता.

रॉ फाइल लॅपटॉपवर उघडली. हिरवा पडदा निळ्याच्या तिपटीहून जास्त उजळ. मी खूश! मग लक्षात आलं की फोनचा सेन्सर मुळातच हिरव्याला जास्त पाहतो, म्हणजे ही तुलना पक्षपाती आहे. म्हणून लाल, हिरवे, निळे पिक्सेल वेगळे काढले. नुसत्या निळ्या पिक्सेलमध्ये चित्र उलटलं. तिथे जुना पडदा झगझगीत आणि नवा अगदी मंद.

बाबा स्क्रीनकडे बराच वेळ पाहत राहिले.

"आमच्या फिल्मला असंच दिसे," ते म्हणाले.

1994 ची गोष्ट. बाबा तेव्हा होते त्या दवाखान्याने हिरवे पडदे आणले, पण फिल्मचा जुना साठा संपवायचा ठरला. ती फिल्म फक्त निळ्याला जागणारी. हिरवा उजेड तिला जवळजवळ दिसतच नाही, म्हणून तर डार्करूममध्ये रंगीत दिवा चालतो. एक्स-रे फिकट यायला लागले. आधी डेव्हलपर बदलून पाहिला. मग वरून सांगितलं गेलं, एमएएस वाढवा. बाबांनी वाढवला, पहिल्यापेक्षाही जास्त. सुमारे तीन महिने. एका कंपनीचा माणूस फिल्म विकायला आला, त्याने डब्यावरचं लेबल वाचून चूक दाखवली.

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मले शंका होती बे. पण विचारलं नाही."

तीनपट चमकणारा पडदा, आणि पेशंटला डोस जास्त. मी इंजिनिअर, लगेच आकड्यांनी समजूत काढायला बसलो. छातीचा एक्स-रे 0.1 मिलिसिव्हर्टच्या आसपास किंवा त्याहून कमी, कमरेचा दीड. निसर्गातूनच जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला 2.4 मिळतात. दुप्पट केलं तरी बाबा, फार काही…

"कमरेचे लय यायचे," ते म्हणाले. "हमाल लोक. एकेकाचे तीन-तीन घेतले. फिकट आला की रिपीट."

मी लॅपटॉप बंद केला.

घरी आल्यावर त्यांनी कपाटातून एक फाइल काढली. लहानपणी त्यांच्या खिशाला लावलेला टीएलडी बॅज मला ओळखपत्र वाटायचा. त्यात कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात, डिस्प्रोशियम घातलेल्या. तोही फॉस्फरच, फक्त उधारी ठेवणारा. रेडिएशनची ऊर्जा धरून ठेवतो आणि पुढे तापवला की उजेड देतो. तो उजेड मोजून टेक्निशियनचा डोस काढतात. दर तीन महिन्यांनी बॅज जायचा आणि रिपोर्ट यायचा.

बाबांनी 1994 चं पान काढून माझ्यासमोर धरलं. चष्म्याशिवाय त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मीच वाचून दाखवलं. चारही तिमाह्या, शून्य.

"हां," ते म्हणाले. "मी आडोशामागे होतो ना."

कॅसेट परत माळ्यावर गेल्या. फाइल त्यांनी उशाशी ठेवली.