शुभ्र रणातले ऊन

भुजहून उत्तरेस निघालेली वाट थोड्याच अंतरावर कर्कवृत्त ओलांडते. रस्त्याच्या कडेला तशी पाटी आहे. २०२३ च्या डिसेंबरात शाळेची सहल घेऊन आम्ही बडोद्याहून कच्छला गेलो, तेव्हा त्या पाटीपाशी बस थांबवून मी मुलांना उत्तरायण-दक्षिणायनाविषयी चार गोष्टी सांगितल्या. सूर्याविषयी मलाच अजून काही शिकावयाचे आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

भिरंडियाऱ्याचा ताजा मावा खाऊन धोरडोस पोहोचेतो दुपार झाली. पावसाळ्यात या रणात पाणी भरते. ते आटले की मागे मिठाचा थर उरतो, आणि हिवाळ्यात क्षितिजापर्यंत पांढऱ्या भूमीवाचून दुसरे काही दिसत नाही. वारा गार होता, त्यामुळे ऊन कोणास जाणवलेच नाही. मुले तीन तास त्या शुभ्रतेत बागडली.

संध्याकाळी नववीतली एक मुलगी एका बाजूस गप्प बसलेली दिसली. तिच्या चेहऱ्यावर व हातांवर कोडाचे डाग आहेत. ते सारे लालबुंद झाले होते. आमच्या बाईंनी विचारले, “तुझे मलम लावले नाहीस?” ती हळूच म्हणाली, “बाई, सहलीत प्रसाधने आणू नयेत, अशी सूचना होती ना?” त्या सूचनेखाली सही माझी होती.

गार पाण्याच्या घड्या ठेवून रात्र काढली. सकाळी भुजला त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. ते म्हणाले, त्वचेतील रंगद्रव्य ही निसर्गाने दिलेली छत्री; कोडाच्या डागांत ती नसते. सावळ्या त्वचेसही ती पूर्णपणे पुरत नाही. अतिनील किरण उष्णतेहून वेगळे. गार वाऱ्याने ते कमी होत नाहीत. मीठ, वाळू, बर्फ यांवरून ते खालूनही उसळतात, म्हणून केवळ टोपीने भागत नाही.

सनस्क्रीन ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ आणि किमान ३० एसपीएफचे असावे. ३० चे मलम भाजणाऱ्या किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवते, ५० चे सुमारे ९८. तेव्हा मोठ्या आकड्यापेक्षा ते पुरेसे लावणे महत्त्वाचे. चेहरा व मान यांसाठी दोन बोटांच्या लांबीइतके घ्यावे, कान आणि हनुवटीखालची जागा विसरू नये. बाहेर पडण्यापूर्वी पंधरा मिनिटे लावावे, दर दोन तासांनी आणि घाम आल्यावर पुन्हा. मलम लावले तरी लांब बाह्या आणि भर दुपारी सावली हवीच.

मी त्या मुलीची आणि परतल्यावर तिच्या आईवडिलांची क्षमा मागितली. गोरे दिसण्याचे मलम आणि त्वचा राखण्याचे मलम यांतला भेद मी जाणला नव्हता. शिस्तीच्या भरात दोन्ही एकाच ओळीत बसवले होते. आता आमच्या सहलीच्या सूचनेत पाण्याच्या बाटलीशेजारी टोपी आणि सनस्क्रीन लिहिलेले असते.

दवाखान्याकडे जाताना कर्कवृत्ताची ती पाटी पुन्हा लागली होती. त्या वेळी मी काही बोललो नाही.