तळ्यातली मासोळी, समुद्रातला देवमासा

भंडाऱ्याहून साकोलीला एस.टी.ने जाताना खिडकी पकडा. धानाची शेतं, मग तळं, पुन्हा तळं! 'तळ्यांचा जिल्हा' हे नाव उगाच नाही पडलं. कोहळी लोकांनी ही तळी शेतीसाठी बांधली. मासे धरतात ते ढिवर.

वाटेत एका तळ्यावर एक काका जाळं झटकत होते. वीतभर रोहू निघाला, तर चक्क परत सोडला!

"लहान मासोळी धरली त पुढच्या साली का धरावं, भाऊ?"

मला देवमासे आठवले. (मासा नव्हेच तो, पण नाव पडलंय.) त्यांच्या शिकारीवर १९४६ साली देशादेशांत करार झाला. पण हिशेब कसा? एक निळा देवमासा बरोबर दोन फिन, बरोबर सहा सेई! बरीच वर्षं सगळ्या देशांना मिळून एकच आकडा. मग काय, जहाजांची शर्यतच लागली, आणि थोरला निळा आधी संपत आला. १९८२ मध्ये व्यापारी शिकार थांबवायचं ठरलं, १९८६ पासून ते लागू झालं. भारतही या आयोगाचा सदस्य. पण हरकत नोंदवली की नियम लागत नाही, ही पळवाट करारातच आहे! नॉर्वे तिच्यातून शिकार करतो. जपान २०१९ मध्ये बाहेरच पडला. करार सुधारायचा तर आधी ही पळवाट बुजवायला हवी. पण त्याला सगळ्यांचीच संमती लागते.

"काका, तुमच्यात कोणी ऐकलं नाही तर?"

त्यांनी पलीकडच्या काठावरचं बारीक जाळं दाखवलं. "तो नाही आयकत. आज रातच्याला बैठक हाये त्याच्यावर."

तेवढ्यात माझी गाडी आली.