सोलापूरचा किल्ला आणि मोडलेला शब्द

निवृत्तीनंतर राज्यशास्त्रात एम.ए. करायला घेतलं. आयुष्यभर चादरींच्या कारखान्यात हिशेब लिहिले, त्यामुळे मॅकियाव्हेली हे नाव अभ्यासक्रमात प्रथमच भेटलं. फ्लॉरेन्सचा हा अधिकारी 1512 मध्ये नोकरीतून गेला, पुढच्या वर्षी त्याने ‘द प्रिन्स’ लिहिलं आणि ते छापलं गेलं 1532 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर.

सतराव्या प्रकरणापर्यंत पाय टेकत होते. राजाबद्दल प्रेम आणि धाक दोन्ही साधत नसतील तर धाक बरा, पण द्वेष ओढवून घेऊ नये, आणि त्यासाठी प्रजेच्या मालमत्तेला हात लावू नये. हे तर आपल्याकडचंच वाटलं. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र सांगतं, की आरमाराला लाकूड हवं म्हणून रयतेचे आंबे-फणस तोडू नका. ती झाडं तिने लेकरांसारखी वाढवलेली असतात.

अठराव्या प्रकरणात मात्र मी अडले. दिलेला शब्द अंगावर उलटत असेल तर राजाने तो पाळू नये, असं तिथे सरळ लिहिलंय. सगळी माणसं चांगली असती तर हा सल्ला वाईट ठरला असता, पण ती तशी नाहीत, हे त्याचं कारण. परत परत वाचलं. पटेना, आणि खोडूनही काढता येईना.

त्याच सुमारास आपल्या भुईकोट किल्ल्याचा इतिहास चाळत होते. मॅकियाव्हेली जिवंत असतानाच, 1524 च्या सुमारास, बुऱ्हाण निजामशहाचं लग्न विजापूरच्या इस्माईल आदिलशहाच्या बहिणीशी, मरियमशी, इथे सोलापुरातच ठरवून झालं. हुंड्यात सोलापूरचा किल्ला द्यायचं कबूल झालं होतं, असं निजामशाहीचं म्हणणं. इस्माईलने ते मानलं नाही. पुढच्याच वर्षी बुऱ्हाण या किल्ल्यावर चालून आला आणि हरून परतला. मग हे भांडण पिढीजात झालं, आणि पुढे किल्ला निजामशाहीकडे गेला. 1564 च्या सुमारास हाच किल्ला पुन्हा हुंड्यात आला, या वेळी चांदबीबीबरोबर विजापूरला, आणि 1565 मध्ये दोन्ही घराणी तालिकोटला विजयनगरविरुद्ध एकत्र लढली.

अठराव्या प्रकरणाच्या मापाने इस्माईल चुकला का? किल्ला तर त्याच्या हातात राहिला. मला वाटतं, हिशेब तिथे अपुरा पडतो. दरबाराने शब्द मोडला, पण त्यानंतरच्या स्वाऱ्यांत सैन्याच्या वाटेवरची गावं, त्यांची ज्वारी, त्यांची गुरं कुठल्या खात्यावर मांडायची? सिद्धेश्वर तलावाच्या बाजूने ती तटबंदी बघताना मला आता बुरूज दिसायच्या आधी ही गावं आठवतात.

हे सगळं सरांना विचारलं. ते म्हणाले, “काकू, इथेच थांबू नका. त्याचे ‘डिस्कोर्सेस’ वाचा.” ते वाचायला घेतलं आणि आणखी चक्रावले. हाच माणूस तिथे लिहितो, की लोक राजापेक्षा शहाणे आणि स्थिर असतात. आणि तह करायचा झाला तर राजापेक्षा प्रजासत्ताकाच्या शब्दावर भरवसा जास्त ठेवता येतो, कारण तिथे निर्णयाला वेळ लागतो, म्हणून शब्द मोडायलाही वेळ लागतो. मग राजाला दिलेला तो सल्ला कुणासाठी होता? परीक्षेत यावर दहा गुणांचा प्रश्न येतो म्हणे. माझं उत्तर अजून लिहून झालेलं नाही.