पुसलेले सहा ठिपके

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी आलेखावरचे सहा ठिपके पुसले.

नमुना होल्मियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या संयुगाचा. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा, त्याला चिकटवलेल्या केसासारख्या चार तारा. द्रव हेलियमने थंड करत जायचं आणि विजेला होणारा रोध मोजायचा. सुमारे ८ केल्विनला, म्हणजे उणे २६५ अंश सेल्सिअसला, रोध शून्य झाला. सुपरकंडक्टर! मग थोडं चुंबकीय क्षेत्र लावून पुन्हा मोजलं. या वेळी रोध शून्यावर आला, ५ केल्विनजवळ परत वर चढला आणि आणखी थंड केल्यावर पुन्हा शून्य.

तार सुटली असणार, असं मी ठरवून टाकलं. हेलियम महाग, ते पुन्हा मागायची हिंमत नव्हती. घरून दर रविवारी फोन यायचा, ‘झालं का काही?’ उंचवटा पुसून आलेख सरांना पाठवला.

“५ केल्विनजवळचे आकडे कुठे गेले?”

“तार सुटली होती, सर.”

“सुटलेली तार आपणहून चिकटते का गं?”

मी गप्प.

मग त्यांनी कागदावर थर काढून दाखवले. एक थर निकेल-बोरॉनचा, एक होल्मियम-कार्बनचा, पुन्हा तेच. सुपरकंडक्टरमध्ये इलेक्ट्रॉन जोडीने फिरतात आणि चुंबकत्व सहसा त्या जोड्या फोडतं. होल्मियमचा प्रत्येक अणू इवलासा चुंबक. एका थरातले चुंबक एका दिशेला तोंड करतात. ५ ते ६ केल्विनच्या दरम्यान ही दिशा थरागणिक थोडी थोडी वळत जाते आणि जोड्यांचं जगणं अवघड होतं. त्याखाली शेजारचे थर नेमके विरुद्ध दिशेला तोंड करतात, एकमेकांचा प्रभाव पुसतात आणि रोध पुन्हा शून्य होतो. म्हणजे मी पुसलेल्या ठिपक्यांतच त्या दोघांचं भांडण होतं.

या कुटुंबाचा शोध मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत लागला, हेही मला त्याच दिवशी कळलं. यिट्रियम, निकेल आणि बोरॉनचं मिश्रण तपासताना तिथे १२ केल्विनच्या आसपास सुपरकंडक्टिव्हिटीची खूण दिसली, पण नमुन्याच्या अगदी थोड्या भागात. ‘अशुद्धी असेल’ म्हणून सोडून देता आली असती. त्यांनी माग काढला, तर नमुन्यात कार्बनचा अंश निघाला. मग कार्बन मुद्दाम घातला, खूण ठळक झाली आणि १९९४ साली निबंध छापून आला.

माझ्या हाती नवीन काहीच लागलं नव्हतं. होल्मियमचं हे वागणं जगाला आधीच ठाऊक होतं, मी ते नीट वाचलं नव्हतं इतकंच. पण ते ठाऊक नसतं, तर?

मूळ फाईल मी डिलीट केली नव्हती, हे नशीब. त्या रात्री सहाही ठिपके परत जागेवर ठेवले. रविवारी फोन आला.

“झालं का काही?”

“नाही,” मी म्हटलं. “पण होता होता वाचलं.”