नेत्राणीच्या बोटीवरची वही

मी बेळगावचा, टिळकवाडीत राहतो. बँकेत चौतीस वर्षं काढली, त्यामुळे आकडा दिसला की हात आपोआप वहीकडे जातो.

आमच्या धाकटीला १९८९ साली, नवव्या वर्षी डायबेटीस निघाला. टाइप वन. इन्सुलिनशिवाय एक दिवस चालत नाही. तेव्हा आमच्याकडे ग्लुकोमीटर कुठला? परीक्षानळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब घालून उकळायचं. हिरवं-पिवळं झालं की काळजी, विटकरी झालं की घरात सगळ्यांची तोंडं उतरायची. निळं राहिलं की मी निश्चिंत. पण साखर फार उतरली तरी ते निळंच राहतं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. एका रात्री निळं बघून झोपलो आणि पहाटे पोरीला आकडी आली. हिने साखरेचं पाणी चमच्याने दिलं (तसं देऊ नये, घशात जातं, हे नंतर कळलं). वाचली. ती पहाट मी विसरलेलो नाही.

तीच मुलगी मागच्या वर्षी म्हणाली, "बाबा, मी स्कूबा शिकले. नेत्राणीला येताय काय?"

शिकण्याआधी एका ठिकाणी फॉर्मवर "डायबेटीस नाही म्हणून लिहा, काय होत नाही" असं तिला सांगितलं होतं. ती उठून आली. खोट्या डिक्लरेशनवर सही करू नये, एवढं तरी बापाकडून घेतलं म्हणायचं. मग डॉक्टरांचा दाखला घेऊन दुसरीकडे शिकली.

अरबैल घाट उतरून मुरुडेश्वरला गेलो. सकाळी इन्सुलिनचा डोस तिने कमी घेतला. नियम तिने मला गाडीतच सांगितले होते: उतरण्याआधी एक तास, अर्धा तास आणि अगदी शेवटी, तीनदा बोट टोचायचं. दीडशेच्या वर, आणि आकडा स्थिर किंवा चढता पाहिजे. तीनशेच्या वर गेला तरी रद्द. लिहिण्याचं काम माझं.

पहिला आकडा १६८. अर्ध्या तासाने १४९.

"एकच कमी आहे की," बोटवाला म्हणाला. मी गप्प. रुपयाचा फरक असला तरी टॅली होत नाही, हे मला कुणी सांगायला नको. पण मुख्य गोष्ट म्हणजे आकडा उतरत होता. तिने ग्लुकोज आणि बिस्किटं खाल्ली, पहिल्या तुकडीला जाऊ दिलं. मी बेळगावचा कुंदा पुढे केला तर हसली. "बाबा, खव्याने साखर हळू चढते." गोड्या पाण्याने बोटं धुऊन, पुसून पुन्हा टोचलं, बोटाला ग्लुकोज चिकटलेलं असलं तर आकडा खोटा येतो. १५८, मग १७१, शेवटी १७६.

जोडीदाराला तिने अंगठा आणि तर्जनीचा इंग्रजी एल करून दाखवला. साखर उतरतेय, वर चला, ही खूण. पाण्याखाली कापरं भरलं, गोंधळायला झालं तर ते थंडीने, घाबरून की साखरेने, हे कळत नाही. म्हणून शंका आली की वरच यायचं, तरंगायचं आणि खिशातली ग्लुकोजची ट्यूब तोंडात पिळायची. मग ती गेली.

तिच्या दंडावर सेन्सर होता, फोन माझ्या हातात. पण ब्लूटूथ पाण्यातून येत नाही. स्क्रीनवर "सिग्नल नाही". चाळीस मिनिटं मी पाण्यावरचे बुडबुडे बघत बसलो. पुन्हा ते निळं द्रावणच माझ्यासमोर होतं. वरून सगळं ठीक, आत काय ते दिसत नाही.

वर आली, मास्क काढला, आधी बोट पुढे केलं. १३१. मग म्हणाली, "कासव बघितलं!"

साखर नंतरही बारा-पंधरा तास उतरू शकते. मी लॉजवर दोनचा गजर लावला. उठून बघतो तर ती जागीच, हातात मीटर.

"एकशे अठरा. लिहा आणि झोपा की आता."

लिहिलं. झोप काही आली नाही.