पाठीतली कळ

१९८९ साली न्हावा शेवा बंदर सुरू झाले, तेव्हा मशीद बंदरची पेढी सांभाळणारे हे कुटुंब पुढे पनवेलला आले. मुलगा आज बंदरात मालाच्या कस्टम क्लिअरन्सचे काम पाहतो. सत्तरी ओलांडलेल्या बांचा दिवस मात्र अजूनही सामायिकेनेच सुरू होतो.

उकळलेल्या पाण्याची तपेली उतरवताना एके सकाळी त्यांच्या पाठीत कळ आली. त्या पडल्या नव्हत्या, म्हणून घरात कोणी फारसे मनावर घेतले नाही. सुनेने बाम चोळला. बा म्हणाल्या, "कर्माची निर्जरा होते आहे." तीन आठवडे त्यांनी हूं की चूं केले नाही. मग एके दिवशी सामायिक अर्ध्यात सोडून त्या भिंतीला धरून उठल्या आणि मुलाला सारे कळले.

एक्स-रेत मणक्याची पुढची बाजू दबलेली दिसली. त्याच्या वरचा आणखी एक मणका केव्हाच खचला होता. सुनेला आठवले, दोन वर्षांपासून बांच्या साडीच्या निऱ्या जमिनीवर लोळत होत्या. साडी लांबली नव्हती, बांची उंची घटली होती. मुलाला यार्डातली कंटेनरची थप्पी आठवली. चार कोपऱ्यांच्या खांबांवर सारा भार असतो. खालच्या पेटीचा एक खांब वाकला की वरचे ओझे तिला चेपते.

"मणक्यात सिमेंट भरून घेऊ या," मुलगा म्हणाला. डॉक्टरांनी समजावले : ही पद्धत १९८४ साली फ्रान्समध्ये प्रथम वापरली गेली, पण २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत लुटुपुटीच्या शस्त्रक्रियेनेही रुग्णांना तितकाच आराम पडला. उपचार करूनही असह्य वेदना राहिल्या, तरच तिचा विचार करावा. बहुतेकांचे दुखणे सहा ते बारा आठवड्यांत ओसरते. वेदनाशामक घ्यावे, थोडे दिवस पट्टा बांधावा, वाकून ओझे उचलू नये, पण अंथरुणाला खिळू नये. झोपून राहिल्याने हाडे अधिकच झिजतात. खरा उपचार ठिसूळ झालेल्या हाडांचा. तो चुकला, तर पुढचा मणका खचण्याचा धोका मोठा.

बांना ॲलेन्ड्रोनेटची आठवड्याला एक गोळी मिळाली. ती उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर किमान अर्धा तास काही न खाता ताठ बसायचे. "नवकारशीआधी मी पाणी घेत नाही," बा म्हणाल्या. त्यावर सुनेनेच तोड काढली : नवकारशी पारताच उकळून गार केलेल्या पाण्याबरोबर गोळी, मग अठ्ठेचाळीस मिनिटांची सामायिक, त्यानंतर दूध. डॉक्टरांनी हसून मान डोलावली.

तरीही बांचे मन कचरत होते. तेव्हा सून म्हणाली, "बा, मुंगी दुखावली तरी तुम्ही हळहळता. तुमच्या देहातही जीवच आहे ना?"

तीन महिन्यांनी बा पुन्हा आसनावर बसल्या, पाठीमागे उशी घेऊन. आता तपेली सून उतरवते. आणि पाठ दुखली, तर बा त्याच दिवशी सांगतात.